एका तांब्या पाण्यापायी गेलेला अर्धा स्टार

मधुमेहासाठीच्या सायकल राईडला पाचपैकी साडेतीन स्टार. ज्यांना फक्त आकडा हवा होता त्यांचं काम इथेच झालं. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण दीड स्टार कुठे गेला हे पुढच्या वर्षी जाणाऱ्यांना कळायला हवं. आयोजकांचं नाव घालत नाही. नाशिकचे सायकलवाले वर्णनावरून ओळखतीलच.

माझं सिडकोत लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. वय ५२. सात वर्षांपासून शुगर आहे, गोळ्यांवर. सायकल शेवटची चालवली ती बारावीत, वडिलांची, आधी कैची मारत आणि मग दांडीवरून. पण नाशकात राहून सायकलपासून लांब राहणं अवघडच. महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ साली दोघांत मिळून अख्खी अमेरिका सायकलवर आरपार केली, तेव्हापासून तर इथे ज्याला त्याला हेल्मेट घालायची हौस आलीय. माझ्या गिऱ्हाइकांत तीन जणी पंढरपूरची सायकल वारी करून आल्यात आणि ब्लाउजचं माप देतानाही त्याच गोष्टी सांगतात. त्यातल्याच एकीने हा फॉर्म पाठवला. जागतिक मधुमेह दिनाच्या निमित्ताने राईड, जमलेले पैसे गरीब घरच्या टाइप वन मधुमेहाच्या मुलांच्या इन्सुलिनसाठी. ६० किलोमीटर म्हणजे थेट त्र्यंबक आणि परत, ४० म्हणजे अंजनेरी फाट्यावरून मागे, आणि १० किलोमीटर हौशी लोकांसाठी. मी ४० वर टिक केली. ६० झेपणार नव्हतं, आणि १० साठी भाड्याने सायकल आणायची म्हणजे पैसे वाया.

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: तुम्हाला मधुमेह आहे का? 'हो' म्हणणाऱ्यांना दंडावर बांधायला निळी पट्टी मिळणार होती, म्हणजे वाटेत काही झालं तर बघणाऱ्याला लगेच कळावं. मी 'नाही' लिहिलं. का, तर घरात धाकटीचं बघणं चाललंय. आईला शुगर म्हटलं की समोरचे लोक दोन पिढ्यांचा हिशोब मांडतात. शिवाय सिडकोतल्या दोन जणी त्याच राईडला होत्या. हे खोटं मला पुढे महागात पडलं, त्याचा दोष आयोजकांचा नाही. तो मी स्टारांत धरलेला नाही.

पैशांचं सांगते. नोंदणी ७०० रुपये, आणि शिवाय प्रत्येकाने निदान २,००० रुपये गोळा करायचे. मला हे आधी जरा विचित्र वाटलं. आपण वर्गणी मागतो ती गणपतीची, नाहीतर मंदिराच्या कळसाची. 'मी सायकल चालवणार आहे, म्हणून तुम्ही पैसे द्या' हे कोणाला सांगायचं कसं? शेवटी दुकानात कापडाच्या मापपट्टीशेजारी एक डबा ठेवला आणि वर चिठ्ठी चिकटवली. बायकांनी ११ टाकले, ५१ टाकले, एकीने फॉल-बिडिंगचे सुटे परत घेतलेच नाहीत. एका आजींनी विचारलं, "तू पडलीस तर पैसे परत का?" सोळा दिवसांत २,३४० रुपये झाले. सगळ्यांच्या पावत्या ईमेलवर येणार म्हणाले. माझ्या गिऱ्हाइकांतल्या निम्म्या जणींना ईमेल म्हणजे काय ते ठाऊक नाही, तेव्हा मीच सगळ्या पावत्या छापून आणल्या. ११ रुपयांची पावती बघून एक बाई एवढी खूश झाली की तिने ती देव्हाऱ्यात ठेवली. पुढच्या वेळी आयोजकांनी कागदाचं एक पावतीपुस्तक द्यावं.

सायकल भाड्याने घेतली, दिवसाचे ३५० रुपये. दुकानाचं नाव नको. गिअरची होती, पुढे तीन आणि मागे सात. दुकानातल्या पोराने दोन मिनिटांत सगळं समजावलं आणि तिसऱ्या मिनिटाला मी सगळं विसरले. सीट एवढी अरुंद, की जणू पोळपाट कडेवर उभा करून त्यावर बसायचं. आदल्या दिवशी कॉलनीत चार फेऱ्या मारल्या तेव्हाच मागच्या ब्रेकचं रबर घासत होतं. परत घेऊन गेले तर म्हणाला, "ताई, चालवता चालवता बसेल." नाही बसलं. आमच्या ह्यांनी रात्री पाना घेऊन बसवलं.

टी-शर्टबद्दल बोलायचा मला हक्क आहे. कापड चांगलं, डॉट निट, घाम ओढणारं. छपाईही पक्की, तीन धुण्यांनंतर तशीच आहे. पण सगळे टी-शर्ट पुरुषी मापाचे. मुंढा एवढा खोल की हात वर केला की अख्खा शर्ट वर येतो, आणि कमरेत घेर असा की दोघी मावतील. काखेतली ओव्हरलॉक शिलाई जाड होती, २० किलोमीटरनंतर ती चांगलीच काचली. बायकांचं वेगळं माप ठेवायला खर्च जास्त येत नाही, हे शिवणारा माणूस सांगू शकतो. मी फुकट सांगेन.

आता राईड. गोल्फ क्लब मैदानावर साडेपाचला बोलावलं होतं. नोव्हेंबरातली नाशिकची पहाट, बोलताना तोंडातून वाफ निघत होती. साडेसहाला सोडलं, अगदी वेळेवर. याचा मात्र पूर्ण एक स्टार. आपल्याकडे वेळेवर निघणारी गोष्ट म्हणजे फक्त दुसऱ्याची बस. सोडण्याआधी एका डॉक्टरांनी पाच मिनिटं बोलून दाखवलं, आणि ते कंटाळवाणं नव्हतं. १४ नोव्हेंबर आपण बालदिन म्हणून ओळखतो, तोच फ्रेडरिक बँटिंग यांचा वाढदिवस, जन्म १८९१. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर इन्सुलिन शोधून काढलं ते १९२१ मध्ये टोरोंटोत. जानेवारी १९२२ मध्ये पहिल्यांदा ते टोचलं ते १४ वर्षांच्या मुलाला. आणि शोधणाऱ्यांनी त्याचं पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. माझ्या शेजारी उभा असलेला माणूस पुटपुटला, "आणि आपण शुगर तपासायच्या स्ट्रिपच्या डबीचे हजार मोजतोय."

त्र्यंबक रस्ता मोटारीतून जाताना सपाट वाटतो. तो सपाट नाही. त्र्यंबक नाशिकपेक्षा उंचावर आहे आणि जाताना सगळा रस्ता हळूहळू चढत जातो. असा चढ, की डोळ्यांना दिसत नाही, मांड्यांना कळतो. सातपूर, पपया नर्सरी, पिंपळगाव बहुला इथपर्यंत गप्पा मारत गेले. महिरावणीला गप्पा संपल्या. त्यापुढे फक्त श्वास आणि समोर अंजनेरीचा डोंगर, जो जवळ येतच नव्हता. गिअरचं एवढंच लक्षात राहिलं की चढाला हलका करायचा, तर तो हलका करताना एकदा चेन उतरली. मागून येणाऱ्या स्वयंसेवकाने थांबून, चेनला हात लावून, स्वतःच्या पँटला पुसून, एक शब्द न बोलता पुढे जाऊ दिलं. असे स्वयंसेवक दर दोन-तीन किलोमीटरवर होते. सकाळी त्र्यंबकला जाणाऱ्या गाड्यांची गर्दी असते, ती त्यांनी झेंडे घेऊन छान सांभाळली. व्यवस्थेला पैकीच्या पैकी.

अंजनेरी फाट्यावर थांबा होता. पाणी, केळी, संत्री, शेंगदाण्याची चिक्की. बाजूला शुगर तपासायचं टेबल, पट्टी असो वा नसो, सगळ्यांना फुकट. मी संत्रं सोललं, दोन फोडी खाल्ल्या आणि विचार केला, बघू तरी. टेबलावरच्या मुलीने, शिकाऊ डॉक्टर असावी, बोटाला स्पिरिटचा बोळा फिरवला, टोचलं, मीटरवर आकडा आला २६४. तिचा चेहरा बदलला. "काकू, तुम्हाला शुगर आहे?" मी म्हटलं, "नाही हो, अजून तरी नाही." म्हणाली, "मग उद्याच डॉक्टरांना दाखवा. आणि आता काही गोड खाऊ नका, केळं तर अजिबात नको."

मी घाबरले. हातातलं संत्रं ठेवून दिलं. केळंही नाही, चिक्कीही नाही. घोटभर पाणी पिऊन परत निघाले.

आता जी गोष्ट मला त्या दिवशी दहा वाजेपर्यंत माहीत नव्हती, ती सांगते. संत्रं सोललं की सालीचा, फोडीचा रस बोटांवर राहतो. त्यात साखर असते. मीटर रक्ताचा एवढासा थेंब तपासतो, त्यात बोटावरची ती साखर मिसळली की आकडा भलताच फुगतो. स्पिरिटच्या बोळ्याने ती साखर पुरती निघत नाही. साध्या पाण्याने हात धुऊन, कोरडे करून मगच टोचायचं. टेबलावर हजाराची स्ट्रिपची डबी होती, टोचायच्या सुया होत्या, बोळे होते, लाल पिवळ्या कचऱ्याच्या पिशव्या होत्या. फळांचं टेबल तीन पावलांवर होतं. पाण्याचा एक तांब्या नव्हता.

आणि दुसरी गोष्ट, जी मला माहीत होती आणि मी विसरले. माझ्या सकाळच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही खाल्लं असो वा नसो. वर स्नायू कामाला लागले की ते रक्तातली साखर आपणहून ओढून घेतात, इन्सुलिनची वाटही फारशी बघत नाहीत. म्हणून आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, राईडच्या दिवशी सकाळची गोळी नाश्त्याच्या वेळी, परत आल्यावर. मी पहाटे पाचला चहा आणि दोन मारी बिस्किटांबरोबर घेऊन टाकली. सात वर्षांची सवय, हात आपोआप डबीकडे जातो.

परतीचा रस्ता उताराचा. मजा यायला हवी होती. महिरावणीच्या अलीकडे मला थंडीत घाम फुटला. वाटलं, शर्टच तसला आहे. मग हँडलवरचे हात थरथरायला लागले, आणि कारण नसताना समोरच्या सायकलवाल्याचा प्रचंड राग आला. तो माझ्यापुढे का चाललाय, एवढंच कारण. रस्त्याकडेची बाभूळ लांब लांब जाते आहे असं दिसलं. कशीबशी सायकल बाजूला घेतली, स्टँड लावायचं सुचलं नाही, ती आडवी झाली आणि मी तिच्या शेजारी बसले.

निळी पट्टी असती तर येणाऱ्या पहिल्या माणसाने ओळखलं असतं. चार जण "काकू, दमलात का? बसा, बसा" म्हणत निघून गेले. चांगली माणसं होती. त्यांना दिसत होती ती दमलेली बाई.

पाचवा थांबला तो पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा होता, दंडावर निळी पट्टी, कमरेला पाऊच. पाऊचची चेन तुटलेली, सेफ्टी पिन लावून बंद केलेली. माझ्याकडे दोन सेकंद बघितलं आणि म्हणाला, "काकू, तुम्ही शुगरवाल्या आहात." विचारलं नाही, सांगितलं. मी मान हलवली. त्याने बाटलीतलं पाणी माझ्या बोटावर ओतलं, स्वतःच्या रुमालाने पुसलं आणि टोचलं. ५८. ७० च्या खाली गेलं की धोक्याची हद्द, हे मला पाठ आहे, पण स्वतःच्या मीटरवर मी ते कधी पाहिलं नव्हतं.

माझ्याकडे मारीचा उरलेला पुडा होता, तो मी काढला. म्हणाला, "ते नंतर. बिस्कीट सावकाश चढतं, आधी हे." ग्लुकोज पावडरची पुडी फाडली, झाकणात पाण्यात कालवली आणि प्यायला लावली. साधी साखर असती तर तीन चमचे चालले असते, असंही सांगितलं. मग घड्याळ लावलं. "पंधरा मिनिटं. तोवर उठायचं नाही." पंधरा मिनिटं तो माझ्याशी बोलत बसला, त्याची राईड वाया गेली. वयाच्या सातव्या वर्षापासून टाइप वन. दिवसातून चार वेळा टोचणं, चार वेळा तपासणं. मी बावळटासारखं विचारलं, "लहानपणी फार गोड खायचास का रे?" तो हसला. त्याला हे रोज कोणीतरी विचारत असणार. "काकू, यात गोडाचा संबंध नाही. माझ्या शरीरानेच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या. तुमचं वेगळं, माझं वेगळं. आकडा तेवढा सारखा." पंधरा मिनिटांनी परत तपासलं, ९४. मग मारी खायची परवानगी मिळाली.

अंजनेरीचा २६४ त्याला सांगितला तर त्याने पहिला प्रश्न विचारला, "आधी फळ सोललं होतं का?"

तो अर्धा स्टार तिथे गेला. टेबलावरच्या त्या मुलीवर माझा राग नाही. मला मधुमेह नाही असं धरून तिने सल्ला दिला, कारण तसं मीच सांगितलं होतं. मैदानावर पोचल्यावर मी आयोजकांपैकी एकाला गाठून सगळं सांगितलं, माझ्या खोट्यासकट. त्याने वही काढून लिहून घेतलं, "हात धुवायला पाणी, साबण, टॉवेल." सबबी सांगितल्या नाहीत. हे मला आवडलं.

शेवटचा भाग मैदानावर. एका कोपऱ्यात चार टेबलं होती आणि तिथेच सगळा पैसा कुठे जातो ते कळत होतं. हा भाग सगळ्यात चांगला, आणि लोक तिथे सगळ्यात कमी थांबले, कारण पलीकडे नाश्ता होता. पेठ तालुक्यातल्या एका मुलीची आई माठ घेऊन बसली होती. त्यांच्याकडे फ्रिज नाही. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात छोटा माठ, त्यात प्लास्टिकच्या डबीत इन्सुलिनची बाटली, वरून ओलं फडकं. वाळू रोज दोनदा भिजवायची. मी हात घालून बघितला, आत खरंच गार होतं. इन्सुलिन गोठू मात्र द्यायचं नाही, म्हणून फ्रिज असणाऱ्यांनीही बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं नाही, हे ती मला सांगत होती, आणि माझ्या नणंदेच्या सासऱ्यांचं इन्सुलिन नेमकं तिथेच असतं हे मला आठवलं. शेजारच्या टेबलावर सिरिंजा. आपल्याकडे साध्या बाटलीत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, तिला लाल टोपीची सिरिंज. १०० युनिटवाल्याला नारिंगी टोपीची. ४० च्या बाटलीला नारिंगी वापरली तर डोस कमी पडतो, आणि १०० च्या औषधाला लाल वापरली तर अडीचपट जातो. टोपीच्या रंगावर एवढं अवलंबून असेल असं मला वाटलं नव्हतं. दोऱ्याच्या रिळांचे रंग सांभाळणारी बाई आहे मी, तरीही.

हिशोबाचा फलक लावला होता, तो मी पूर्ण वाचला. टी-शर्टचा खर्च किती, स्पर्धकाच्या ७०० पैकी कशात किती, गोळा झालेल्या वर्गणीतला एकही रुपया मांडवावर नाही, हे साध्या मराठीत. ज्यांच्या ११ रुपयांची जबाबदारी माझ्यावर होती, त्यांना मी हा फोटो दाखवला.

आता नाश्ता, आणि उरलेला एक स्टार. नाशकात रविवारी सायकल चालवून मिसळ नाही खाल्ली तर राईड झाली असं कोणी मानत नाही, तेव्हा मिसळ असणार हे धरूनच चालले होते. मिसळीबद्दल तक्रार नाही. मटकीची उसळ घट्ट, तर्री वेगळी, पापड, दही, आणि पाव नको म्हटलं तर उसळ जास्त वाढत होते. पण शेजारी जिलेबीची परात. गरम, मधून तूप ओघळणारी. आणि चहा मोठ्या पातेल्यात साखर घालूनच उकळलेला. मी विचारलं, "बिनसाखरेचा आहे का?" वाढणारा म्हणाला, "काकू, एवढी सायकल चालवली, आज चालतं की." मधुमेहाची राईड, दंडावर निळ्या पट्ट्या बांधलेले पन्नास-साठ लोक, आणि बिनसाखरेचा चहा नाही. ताकाचं एक पिंप ठेवलं असतं तरी भागलं असतं. जिलेबी कोणी कोणी खाल्ली ते मी बघत होते. निळी पट्टीवाल्यांनीच जास्त खाल्ली. तो पोरगा एक जिलेबी हातात घेऊन बाजूला गेला, आधी इन्सुलिन टोचून घेतलं, मग खाल्ली. हिशोब चोख.

घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "कशी झाली?" मी म्हटलं, सीटमुळे दोन दिवस बसता येणार नाही. बाकीचं रात्री सांगितलं. धाकटीला पण.

पुढच्या वर्षी जाणाऱ्यांसाठी एवढंच, की सीटवर जेलचं कव्हर घाला, जाताना दम राखून ठेवा, गोळीचं आदल्या रात्री डॉक्टरांना विचारून डबीवर चिठ्ठी चिकटवा, आणि हात धुवायला आपली बाटली आपण न्या.

त्या पोराचं तुटलेलं पाऊच माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं. मंगळवारी दुकानात उरलेल्या रेनकोटच्या कापडाचे दोन पाऊच शिवले. आत अस्तर, मीटरला एक कप्पा, ग्लुकोजच्या पुड्यांना एक, बाहेरून पाण्याची छोटी बाटली अडकवायला पट्टा. चेन चांगल्यातली लावली. एक आयोजकांमार्फत त्याच्याकडे पाठवायचाय, एक माझा. तो मापपट्टीशेजारी, वर्गणीचा डबा होता त्या जागी पडला होता, तर दुपारी आलेल्या एका बाईंनी उचलून बघितला. "हे कशाला ग?"

"ग्लुकोज ठेवायला. मला शुगर आहे."

"अगं बाई," त्या म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या, "मलापण."

ब्लाउजचं माप घ्यायचं राहूनच गेलं. परत फोन करून बोलवायला हवं, रविवारी त्यांच्याकडे साखरपुडा आहे.